आमचा कांदा थांबत नाही

राज्यसभेत शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळात, बोलायला सदस्याला तीन मिनिटं मिळतात. वेळ संपली की माइक आपोआप बंद होतो आणि त्यानंतरचं बोलणं नोंदीत येत नाही. मी सोलापुरात ज्या खासदारांच्या संपर्क कार्यालयात काम करते, त्यांना सगळे आबा म्हणतात. ग्रामपंचायतीपासून वर आलेला माणूस. गावसभेत तासभर बोलतील आणि एकही माणूस उठून जाणार नाही, पण बोलणं सावकाश. तीन मिनिटांत त्यांचे अडीचशे शब्द होतात. ते अडीचशे कोणते, याचं टिपण काढून देणं हे माझं काम.

फेब्रुवारी २०२४ मधल्या ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, त्याची सुरुवात डिसेंबरात झाली. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ३१ मार्चपर्यंत. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं आणि ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी भावाने बाहेर पाठवायचा नाही. संसदेचं अधिवेशन चालू होतं, शून्य प्रहरात यावर बोलायचं म्हणून आम्ही नोटीस दिली. मग १३ तारखेला लोकसभेत प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी सभागृहात उड्या घेतल्या आणि पुढचे सगळे दिवस गदारोळ, निलंबन आणि तहकुबीत गेले. आमचा विषय बुडाला. बुडालेला विषय आपोआप पुढच्या तारखेला लागत नाही, पुन्हा नोटीस द्यावी लागते.

दिल्लीत महाराष्ट्राचा कांदा म्हटलं की लासलगाव डोळ्यापुढे येतं. सोलापूरचं मार्केट यार्डही देशातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी एक आहे, पण इथला कांदा वेगळा. नाशिककडचा उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो. भाव पडला तर शेतकरी थोडा दम धरू शकतो. सोलापुरात मुख्यतः येतो तो लाल कांदा, खरिपाचा आणि लेट खरिपाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच त्याचा काळ. त्यात पाणी जास्त, पापुद्रा पातळ. काढला की विकायचाच, नाहीतर मोड येतो किंवा सडतो. डिसेंबर ते मार्च निर्यातबंदी म्हणजे या कांद्याचा जवळजवळ सगळा हंगाम बंदीत गेला. बंदी उठेल तेव्हा विकायला तो शिल्लकच नसणार. सरकार राखीव साठ्यासाठी खरेदी करतं तीसुद्धा प्रामुख्याने टिकणाऱ्या रब्बी कांद्याची. एवढी एकच गोष्ट आबांनी सभागृहात नीट सांगावी, असं माझं म्हणणं होतं.

बाकीचे विषय मी कागदावरून काढले. ते काढणं सोपं नसतं. मंगळवेढ्याच्या दुष्काळी गावांचं पाणी, उजनी धरण उणे पातळीत गेल्यावरचे हाल, सांगोल्याच्या डाळिंबावरची मर रोग आणि तेल्याची संकटं, प्रत्येकामागे कार्यालयात येऊन बसलेली माणसं होती. पण उजनीच्या पाण्याचं वाटप राज्याच्या हातात. निर्यात मात्र पूर्णपणे केंद्राचा विषय, तिथे मंत्र्यांना दुसरीकडे बोट दाखवता येत नाही. म्हणून कांदा.

आदल्या संध्याकाळी दिल्लीहून निरोप आला की उद्या आपला विषय घेतलाय. पाठोपाठ आबांचा फोन. "जुना भाव नको मला. उद्या सकाळचा सांग." सभागृहात आकडा सांगितला आणि कुणी हरकत घेतली, तर त्याचा कागद स्वतःच्या सहीने प्रमाणित करून द्यावा लागू शकतो. ऐकीव भाव चालत नाही. शिवाय कांदा किंवा पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, सभागृहात उंचावून दाखवायला मनाई आहे. जे काही दाखवायचं ते शब्दांतूनच.

उजाडायच्या आत यार्डात गेले. हैदराबाद रस्त्यावर गाड्या लागलेल्या होत्या. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटच्या, काही विजयपूर, कलबुर्गीकडच्याही. रात्रभर गाडीतच झोपलेले लोक चहाच्या टपरीवर गोळा झाले होते. आदल्या दिवशीचा लिलाव झालेल्या काहींनी पट्ट्या दाखवल्या. पट्टीत वरती वजन आणि भाव, खाली वजावट: हमाली, तोलाई, गाडीभाडं. ज्याची पट्टी असेल त्याला विचारून, नाव झाकून मी फोटो घेत होते. बार्शी तालुक्यातले एक काका पट्टीची घडी उलगडत म्हणाले, "ताई, नाशिकवाला चाळीत ठिवतोय. आमी कुठं ठिवावं? आठ दिसात मोड येतंय याला."

त्याच तालुक्यातली वर्षभरापूर्वीची गोष्ट सगळ्यांना आठवत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा याच बाजारात किलोला १ रुपया भावाने विकला. खर्च वजा जाता हिशोबात उरले २ रुपये ४९ पैसे आणि हाती आला २ रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. देशभर बातमी झाली. राज्य सरकारने मग क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत. त्यातही सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतून कांद्याची नोंद हवी, यावर पुष्कळ जण अडले. टपरीवरच्या दोघांनी हेच सांगितलं: कांदा शेतात होता, मोबाइलमधल्या ॲपमध्ये नव्हता. हे मी लिहून घेतलं, पण टिपणात घेतलं नाही. राज्याचा विषय.

गाळ्यांच्या बाजूला बायका पोत्यांवर बसून कांदा निवडत होत्या. गोल्टी म्हणजे बारका कांदा एकीकडे, जोड कांदा दुसरीकडे, सडका तिसरीकडे. हात थांबत नव्हते. त्यांच्यातली एक वयस्कर बाई शेजारणीशी कानडीत बोलत होती, माझ्याशी मराठीत. मी कुणाची, कशाला आले, हे तिने नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "लिलाव बंद पडला की शेतकऱ्याचं नाव पेपरात येतंय. आमचं कुठं येतंय? आमची बी त्या दिवसाची हजेरी बुडतीच की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारत गेले. माझ्याशी बोललेल्या बायकांपैकी एकीचीही माथाडी कामगार म्हणून नोंद नव्हती. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्या कायद्याने त्यांना ओळख, मजुरीचा हिशोब, भविष्य निर्वाह निधी मिळू शकतो. या बायका त्याच यार्डात, त्याच कांद्यावर काम करतात आणि कुठल्याच वहीत नाहीत.

नऊच्या सुमाराला आबांना फोन करून भाव सांगितले, पट्ट्यांचे फोटो पाठवले. शेवटी त्या बाईचं बोलणंही सांगितलं आणि लगेच जोडलं, "पण माथाडी कायदा महाराष्ट्राचा आहे आबा. राज्यसभेत तो काढून उपयोग नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि फोन ठेवला.

अकरानंतर एका गाळ्यात मोबाइलवर संसद टीव्ही लावला. बघता बघता मागे गर्दी झाली. आबांचं नाव पुकारलं. मराठीत बोलणार हे आधीच कळवलेलं होतं, म्हणजे दुभाषाची सोय असते. आबा उभे राहिले आणि पहिल्या वाक्यापासून ठरल्याप्रमाणे बोलले. लाल कांदा आणि उन्हाळी कांदा यांतला फरक, लाल कांद्याचा काळ, बंदीचा काळ, आज सकाळचा भाव. भाव ऐकल्यावर माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "खरं सांगितलं."

दोन मिनिटं उलटून गेली होती. कागदावर आता मागणी राहिली होती: लाल कांद्यासाठी निर्यातीचं धोरण वेगळं ठेवा आणि ते हंगामाच्या आधी जाहीर करा. आबांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, "सभापती महोदय, आज सकाळी सोलापूरच्या यार्डात कांदा निवडणाऱ्या एका माउलीने विचारलं, आमचं नाव कुठं येतं? निर्यात बंद होते तेव्हा शेतकऱ्याचा भाव पडतो आणि लिलाव थांबला की या बायकांची मजुरीही थांबते. तुमच्या एकाही तक्त्यात त्या नाहीत. त्यांची नोंद या सभागृहात व्हावी म्हणून सांगतो." मग कागद उचलला. "म्हणून माझी मागणी आहे की लाल कांद्या..."

माइक बंद झाला. ओठ हलताना दिसत होते. काही सदस्यांनी विषयाला पाठिंबा म्हणून हात वर केले आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

बार्शीचे काका म्हणाले, "मागणीच ऱ्हायली की हो." मला तर रडू यायच्या बेतात होतं. दोन महिने थांबून मिळालेली तीन मिनिटं, आणि ज्यासाठी ती मागितली तेच वाक्य नोंदीत नाही. तेवढ्यात त्या बाई पदराला हात पुसत आल्या आणि काय म्हणाले ते विचारू लागल्या. मी चित्रफीत मागे घेऊन तेवढा भाग पुन्हा लावला. त्यांनी तो उभ्यानेच ऐकला, मग हाका मारून बाकीच्यांना बोलावलं आणि मला परत लावायला सांगितला.

संध्याकाळी आबांना मी स्पष्ट बोलले. ते शांतपणे म्हणाले, "मागणी पत्रातही जाते. मंत्र्यांना पत्र लिहायचंच आहे आपल्याला. पण या बायकांचं पत्र कोण लिहितंय, आणि लिहिलं तर कोण वाचतंय?" शून्य प्रहराला मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावं असं बंधन नसतं, हेही खरं. त्याच रात्री वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार, दोन्ही मंत्र्यांना मागणीचं पत्र गेलं. तरीही माझं मत बदललेलं नाही. मागणी सभागृहाच्या नोंदीत असली की पुढच्या वेळी तिच्यावर बोट ठेवून विचारता येतं. पत्र फाइलमध्ये जातं. यावर आबांचं आणि माझं आजही जमत नाही.

३१ मार्चला बंदी उठली नाही, पुढे वाढवली. एप्रिलअखेर गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा इथे लोक फार चिडले. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर सोलापूरचा लाल कांदा मिळेल त्या भावाला जाऊन संपला होता. शुल्क सप्टेंबरात २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. म्हणजे मधला आणखी एक लाल हंगाम शुल्कातच गेला. हंगामाआधी धोरण जाहीर करण्याची मागणी आम्ही अजून लावून धरली आहे, कधी लेखी उत्तराच्या अतारांकित प्रश्नातून, कधी सभागृहातल्या विशेष उल्लेखातून.

त्या बायकांच्या नोंदीचं काम यार्डातूनच सुरू केलं. आधार कार्ड आहे, पण इथे काम केल्याचा पुरावा कुणाकडेच नाही, तिथे गाडं अडलं. मग कुणी कुठल्या गाळ्यावर किती वर्षं कांदा निवडला, याची यादी त्या बाईंनीच आठवून आठवून सांगितली. मी ती लिहून घेतली आणि माथाडी मंडळाकडच्या अर्जाला जोडली. काही गाळेवाल्यांनी त्या यादीवर सह्या दिल्या आहेत, बाकीच्यांकडे आमच्या फेऱ्या चालू आहेत.