विशाखापट्टणम नगरदर्शन : सोमवारची सहल घेऊ नका

विशाखापट्टणमला एका दिवसाची, गाइडसह नगरदर्शनाची सहल घेण्याचा विचार असेल, तर सर्वांत आधी हे लक्षात ठेवावे की कुरसुरा पाणबुडीचे संग्रहालय सोमवारी बंद असते. ही गोष्ट त्या शहरातल्या रिक्षावाल्यांना ठाऊक आहे, हॉटेलांच्या स्वागतकक्षातल्या मंडळींना ठाऊक आहे आणि सहली विकून पोट भरणाऱ्या माणसाला तर ती ठाऊक नसणे शक्यच नाही. तरीही रविवारी रात्री आम्हाला सोमवारची सहल विकली गेली तेव्हा पत्रकावर पहिले नाव पाणबुडीचे होते, सर्वांत मोठे छायाचित्र तिचेच होते आणि खाली ठळक अक्षरांत ‘सर्व प्रवेशशुल्कासह’ असे छापलेले होते. पैसे सगळे आगाऊ घेतले गेले आणि पावतीवर एकच एकत्रित आकडा लिहून दिला गेला. या एका आकड्यामुळे पुढे काय झाले ते सविस्तर सांगतो, कारण हाच प्रकार आजही दुसऱ्या कुणाच्या तरी बाबतीत चालू असणार.

पुण्या-सोलापूरकडच्या लोकांना विशाखापट्टणम सोयीचे आहे. मुंबईहून सुटणारी कोणार्क एक्सप्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा या मार्गाने तिथे पोहोचते. प्रवास लांबचा असला तरी गाडी बदलावी लागत नाही. नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालय या शहरात असल्याने देशभरातले लोक तिथे राहतात आणि तेलुगू येत नसली तरी हिंदीवर काम भागते. या बाबतीत आम्हाला काहीही अडचण आली नाही.

सहलीची सकाळ सिंहाचलमला गेली. वराह लक्ष्मीनरसिंहाचे हे देवस्थान शहराच्या आतल्या अंगाला, समुद्रापासून दूर, एका टेकडीवर आहे आणि सहलीतली बाकीची बहुतेक ठिकाणे किनाऱ्याच्या रस्त्यावर ईशान्येकडे आहेत. दोन टोकांची ठिकाणे एकाच दिवसात कोंबली की मधला वेळ शहराच्या वाहतुकीत जातो, हे नकाशा पाहणाऱ्या कुणालाही कळेल. आजचे मंदिर मुख्यतः तेराव्या शतकातले, म्हणजे कोणार्क उभारणाऱ्या पूर्व गंग घराण्याच्या काळातले आहे. कृष्णदेवरायाने येथे येऊन देवाला दागिने अर्पण केल्याची नोंद इथल्या शिलालेखांत आहे. मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते आणि फक्त अक्षय्य तृतीयेला लेप उतरवून मूळ रूपाचे दर्शन घडते. इतर दिवशी दिसतो तो शिवलिंगासारखा भासणारा चंदनाचा उंचवटा. मंडपाचे खांब आणि बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम पाहायला निवांत दोन तास हवेत. आम्हाला रांगेसकट सव्वा तास मिळाला. त्यातच गाइडने ‘विशेष दर्शनाची तिकिटे मी आणून देतो’ असे सांगून माणशी जी रक्कम मागितली, ती खिडकीवरच्या फलकातल्या दरापेक्षा सरळ दीडपट होती. सिंहाचलमला तिकीट स्वतः खिडकीवर जाऊनच घ्यावे. दर तिथे लिहिलेले असतात आणि खिडकी शोधायला कुणाची मदत लागत नाही. खरे सांगायचे तर हे मंदिर सहलीत पाहूच नये. टेकडीच्या पायथ्यापासून वर देवस्थानाची बस जाते, चालणाऱ्यांसाठी पायऱ्याही आहेत. पहाटे निघून स्वतंत्रपणे जाऊन यावे.

तिथून परतताना गाडी एका हातमागाच्या व मोत्यांच्या दालनासमोर थांबली. पत्रकावर हे ठिकाण नव्हते. थांबा पंधरा मिनिटांचा सांगितला गेला आणि प्रत्यक्षात तासाहून अधिक झाला, कारण जोवर निम्मे प्रवासी दुकानात फिरत होते तोवर चालक गाडी सुरू करायला तयार नव्हता. ज्यांना खरेदी करायची नव्हती त्यांनी गाडीत बसावे तर वातानुकूलन बंद. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या आत्या होत्या. त्या दमट उकाड्यात त्यांना दुकानाच्या पायरीवर रुमालाने वारा घालत बसावे लागले. अशा थांब्यांतून गाइडला काही मिळत असेल तर त्यावर माझा आक्षेप नाही, पण तो वेळ प्रवाशाने पैसे मोजून घेतलेल्या दिवसातून कापला जातो, यावर आहे.

दुपारी ऋषिकोंड्याचा समुद्रकिनारा आणि तोटलकोंड्याच्या टेकडीवरचे बौद्ध अवशेष ही दोन ठिकाणे झाली आणि दोन्ही छान होती. तोटलकोंड्यावर खडकात कोरलेली पाण्याची टाकी, स्तूपाचा गोल पाया आणि विहारांचे चौथरे आहेत. नौदलाच्या हवाई पाहणीत हे अवशेष लक्षात आले आणि १९८८ पासून तिथे उत्खनन झाले. वर सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी बरोबर असावे.

कैलासगिरी या समुद्रकाठच्या टेकडीवरच्या उद्यानाबद्दल दोन गोष्टी. पहिली, ‘सर्व प्रवेशशुल्क’ या शब्दांत रोपवे येत नाही, असे आम्हाला वर पोहोचल्यावर सांगण्यात आले. रोपवेसाठी रांगेत उभे राहण्याची काहीच गरज नाही, कारण गाडी वरपर्यंत जाते आणि रोपवेतून दिसते ते सगळे वरच्या कठड्यावरून अधिक चांगले दिसते. दुसरी गोष्ट अशी की तिथल्या शिवपार्वतीच्या भव्य पांढऱ्या मूर्तींसमोर छायाचित्रे काढून झाली की दक्षिणेकडच्या कठड्याशी जाऊन उभे राहावे. लांबवर समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो, तो डॉल्फिन्स नोज. त्याच्या आडोशाला विशाखापट्टणमचे बंदर आहे आणि त्या बंदराच्या परिसरातच सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४१ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना उभारायला घेतला. स्वतंत्र भारतात बांधलेले पहिले मोठे जहाज, ‘जल उषा’, १९४८ च्या मार्चमध्ये तिथूनच पाण्यात सोडले गेले. गाडीत निम्म्याहून अधिक मराठी प्रवासी असूनही गाइडने याचा शब्दही काढला नाही. त्याच्या तोंडी होती ती फक्त पुढच्या थांब्याची वेळ.

मग संध्याकाळ झाली आणि गाडी रामकृष्ण बीचच्या रस्त्यावर पाणबुडीसमोर उभी राहिली. गाइडने खिडकीतून हात करून सांगितले की हीच ती पाणबुडी, आज संग्रहालय बंद आहे, उतरून कुंपणाबाहेरून फोटो काढा, दहा मिनिटे देतो. रस्त्यापलीकडचे विमान संग्रहालयही बंद होते. गाडीत क्षणभर कुणीच काही बोलले नाही. मग मी पत्रक काढून त्याच्यासमोर धरले. त्याचे म्हणणे असे की पत्रक सर्व दिवसांसाठी एकच छापलेले असते, सोमवारी पाणबुडी ‘बाहेरून’ दाखवली जाते आणि तसे करणे म्हणजे ठिकाण वगळणे नव्हे. प्रवेशशुल्काचे पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला की पैशांचे काम कचेरीचे, माझे नाही. कचेरीत गेलो तर तिथल्या माणसाने आमचीच पावती आमच्यापुढे ठेवून विचारले की यात प्रवेशशुल्क वेगळे कुठे लिहिले आहे ते दाखवा. एकत्रित आकडा कशासाठी लिहिला जातो, हे तेव्हा स्पष्ट झाले. बराच वेळ वाद घालूनही एक रुपया परत मिळाला नाही आणि हे लिहीपर्यंत मिळालेला नाही. रक्कम फार मोठी नव्हती, हे मी मान्य करतो. पण जे दाखवता येणार नाही हे ठाऊक आहे, तेच दाखवतो म्हणून पैसे घेणे ही फसवणूक आहे आणि तिला दुसरा सौम्य शब्द मी वापरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्वतः रिक्षाने तिथे गेलो, खिडकीवर तिकिटे काढली आणि आत शिरलो. हे संग्रहालय इतर दिवशीही साधारणपणे दुपारनंतर उघडते, म्हणून वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी. कुरसुरा ही सोव्हिएत बनावटीची डिझेल-विद्युत पाणबुडी १९६९ च्या डिसेंबरमध्ये नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती आणि २००१ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर तिला वाळूवर ओढून आणून पक्क्या पायावर बसवले गेले आणि २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. लांबी नव्वद मीटरांहून थोडी जास्त. बाहेरून हा आकडा मोठा वाटतो; आत गेल्यावर मात्र खांद्यांना दोन्ही बाजूंनी नळ्या, झडपा आणि तबकड्या लागतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी पोलादी भिंतीत गोल भोक आहे. त्यातून जाताना आधी एक पाय गुडघ्यापेक्षा उंच उचलून पलीकडे टाकायचा, मग डोके छातीशी नेऊन अंग आत ओढायचे आणि शेवटी मागचा पाय सोडवून घ्यायचा. घाई केली तर कपाळ लागतेच. पुढच्या टोकाला पाणतीर सोडण्याच्या सहा नळ्या आहेत आणि मागच्या टोकाला चार. पाणतिरांच्या शेजारीच खलाशांच्या झोपण्याच्या फळ्या आहेत. फळीची रुंदी पाहून माणूस कुशीवर वळत कसा असेल असा प्रश्न पडतो. पंचाहत्तरच्या आसपास माणसे या नळकांड्यात आठवडेच्या आठवडे राहत. आत माहिती सांगणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले होते. त्यांनी एक चाक फिरवून दाखवले, त्याचे काम दोन वाक्यांत सांगितले आणि मग आत्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर दिले. आदल्या दिवशीच्या सगळ्या मनस्तापानंतर तो तास मिळाला याचा आनंद अजून ओसरलेला नाही. विशाखापट्टणमला एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ही पाहावी.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी किंवा बंदिस्त जागेत घाबरणाऱ्यांनी आत शिरण्याआधी नीट विचार करावा, कारण मागे लोकांची रांग असल्याने अर्ध्यातून परत फिरणे अवघड जाते. आत्या सावकाश का होईना, पार पडल्या. पुढच्या भोकाशी एकाने आधी जाऊन हात द्यायचा आणि मागून दुसऱ्याने डोक्यावर लक्ष ठेवायचे, एवढे पुरेसे झाले. पाठीवरची पिशवी नको, साडीपेक्षा सलवार-कमीज बरी.

समोरचे टीयू-१४२ विमानही त्याच फेरीत पाहावे. चार इंजिने आणि प्रत्येक इंजिनावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे असलेले हे अवाढव्य टेहळणी विमान १९८८ पासून २०१७ पर्यंत नौदलात होते. ज्येष्ठांना ते पाणबुडीपेक्षा पुष्कळ सोपे जाते. जवळच १९७१ च्या युद्धाचे ‘व्हिक्टरी ॲट सी’ हे स्मारक आहे. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी त्या डिसेंबरात याच किनाऱ्यासमोर बुडाली, हे माहीत असले की कुरसुरा पाहण्याला वेगळे वजन येते. पाणबुडी, विमान आणि स्मारक मिळून तीन-साडेतीन तास ठेवावेत. कोणतीही सहल तेवढे देत नाही.

रामकृष्ण बीचवर पाण्यात उतरू नये. तिथे समुद्राच्या आत ओढणारे प्रवाह जोरदार आहेत आणि माणसे बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. किनारा शांत दिसतो, मुले हट्ट करतात, पण घोट्याच्या वर पाणी येईल इतके पुढे जाण्यात अर्थ नाही. काळ डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे महिने आहेत. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळ थेट याच शहरावर आदळले होते, म्हणून त्या दिवसांत हवामानाचा अंदाज पाहूनच आरक्षण करावे.

एवढे सगळे असूनही ज्यांना सहलच घ्यायची आहे, त्यांनी ती मंगळवार ते रविवार या दिवसांतच घ्यावी, पाणबुडीच्या आत नेणार की बाहेरून दाखवणार हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा आणि पावतीवर प्रवेशशुल्क कोणत्या ठिकाणांचे व किती, हे वेगळे लिहून घ्यावे. विक्रेता तसे लिहून देत नसेल तर तिथून उठावे. पुढच्या चौकात दुसरा असतो. माझा सल्ला मात्र असा की सहलीच्या पैशांत थोडी भर घालून दिवसभराची टॅक्सी करावी, किनाऱ्याच्या रस्त्याने भीमिलीपर्यंत जावे, तिथली डच दफनभूमी आणि गोस्तनी नदीचे मुख पाहावे, परतताना तोटलकोंडा व ऋषिकोंडा करावे आणि चार वाजण्याच्या आत पाणबुडीच्या तिकीटखिडकीशी यावे. टॅक्सी नको असेल तर भीमिलीला याच रस्त्याने सरकारी बस जाते. जाताना उजवीकडची खिडकी धरावी.