चेपणारी नळी कशाला?

गाडीच्या बंपरमागं बसणाऱ्या, धडकेत चेपायच्याच नळ्या मी बनवतो. पावणंरावळं जमलं की प्रश्न ठरलेला, "गाडी मजबूत करायची सोडून चेपणाऱ्या नळ्या कसल्या बनवतोस?" पाठोपाठ जुन्या ॲम्बॅसडरचं कौतुक. इतकी वर्षं हसून टाळलं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

हजार किलोची गाडी ताशी ५६ किलोमीटरनं धडकली तर सुमारे १२० किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. बंपरमागच्या माझ्या दोन नळ्या त्यातला थोडाच वाटा खातात, कबूल. पण त्या आधी खातात. ॲम्बॅसडर चेपत नव्हती म्हणता, तर आतल्या माणसाचं काय व्हायचं तेही सांगा.

पटत नसेल तर राहू द्या. मलाही पटत नव्हतं.

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये नवा होतो तेव्हाची गोष्ट. चौकोनी नळी, पत्रा १.६ मिलिमीटर. मी तो २ केला. टोकाजवळचे दोन चेप, म्हणजे घडी सुरू व्हावी म्हणून मुद्दाम पाडलेले खड्डे, तेही काढून टाकले. प्रेसचं एक ऑपरेशन वाचलं म्हणून खूश. लोखंडी चॅनेल उभे करून आम्हीच बनवलेल्या टॉवरवरून २५० किलोचं वजन २ मीटरवरून सोडलं. नळीनं टोकाकडून एकेक घडी घालत पेटीच्या भात्यासारखं खाली बसायचं असतं. तसं झालंच नाही. आधी खाली बोल्ट केलेला चासीचा तुकडा मुडपला, मग नळी कलली आणि मधोमध कोपरासारखी मोडली. वजन घसरून बाजूला आदळलं. गिऱ्हाइकाकडून आलेल्या साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते चहाला निघून गेले. प्रेसवरचे मेस्त्री नळी हातात फिरवत म्हणाले, "साहेब, चेप कुठं गेला? घडीची खूण नसली तर पत्रा मनाला येईल तिथं मोडतोय."

चौकोनी नळीची जाडी सव्वापट केली की तिला चेपायला लागणारा सरासरी जोर जवळपास दीडपट होतो आणि तेवढाच मार मागच्या मेंबरवर, म्हणजे चासीच्या लांब दांड्यावर पोचतो, हे मला पाठ होतं. पाठ असून केलं. कारण आदल्या रविवारी दाजी म्हणाले होते, "पत्रा जाड घाल की रं!"

म्हणजे चूक दाजींची? नाही. सही माझी होती.

तरी आजही छातीठोकपणे बोलवत नाही. हंगामात हायवेवर बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी असते. तिची मागची कड बंपरला नाही, बॉनेटच्या वर लागते. तिथं माझी नळी सरळच्या सरळ राहते, एकही घडी नाही. दाजींनी हे अजून विचारलेलं नाही.