घरून दिलेल्या चाव्या
आमच्या हॉटेलात आरक्षणं आणि खोल्यांचे दर मी सांभाळते, आठवड्यातले निम्मे दिवस घरून. २०२० मध्ये करोनामुळे हॉटेल रिकामं पडलं, तेव्हा आमच्या विभागाला तात्पुरतं घरी पाठवलं होतं. पाहुणे परत आले, आम्ही मात्र अर्धेच परतलो. यात फार नवल नाही. हॉलिडे इनने १९६५ मध्ये हॉलिडेक्स ही संगणकीय आरक्षण व्यवस्था आणली, म्हणजे खोली विकणारा आणि चावी देणारा एकाच छपराखाली हवा ही गरज केव्हाच संपत आली होती. तरी फ्रंट ऑफिसच्या, म्हणजे स्वागत काउंटरवरच्या माणसांच्या, मनात आमच्याबद्दल अढी असते. ओव्हरबुकिंग मी करायचं आणि मध्यरात्री दमून आलेल्या माणसाला ‘खोली नाही’ हे त्यांनी तोंडावर सांगायचं. अढी अगदीच अकारण नाही.

तो शनिवार होता. हॉटेल भरलेलं, संध्याकाळी एका परिषदेचा मोठा ग्रुप उतरणार होता. ऐन वेळी न येणारे असतातच, म्हणून थोड्या खोल्या जास्तीच्या विकून ठेवल्या होत्या. दुपारी बाहेर रस्ता खोदताना इंटरनेटची केबल तुटली. पर्यायी लाइन होती, पण तीही त्याच चरातून आत आलेली. दोन्ही एका फटक्यात गेल्या.

पाहुणे, खोल्या, बिलं हे सगळं ज्यावर चालतं ते पीएमएस, म्हणजे हॉटेल चालवायचं सॉफ्टवेअर, पूर्वी हॉटेलच्या तळघरातल्या सर्व्हरवर असायचं. आता ते क्लाउडवर आहे. म्हणजे प्रणाली ठणठणीत, फक्त हॉटेलालाच तिच्यापर्यंत पोचता येईना. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिला. पण काउंटरवरच्या संगणकांना हॉटेलच्याच नेटवर्कवरून लॉगिन करता येतं, सुरक्षेसाठी तसं बांधून ठेवलेलं आहे. बाहेरून आत शिरायची परवानगी फक्त आम्हा घरबशांच्या लॅपटॉपना.

ड्यूटी मॅनेजरचा फोन आला. “तुला दिसतंय का?”

“सगळं दिसतंय.”

“मग आता फोन ठेवू नकोस.”

पहिलं काम विक्री थांबवण्याचं. सगळ्या साइट्सवरची विक्री एका जागेवरून सांभाळणाऱ्या चॅनेल मॅनेजर या सॉफ्टवेअरमधून त्या रात्रीच्या खोल्या सगळ्या बुकिंग साइट्सवर बंद केल्या. ते लागू होईपर्यंतच्या काही मिनिटांत एक बुकिंग आलंच. येतंच.

मग खरी अडचण लक्षात आली. मला दिसत होतं ते दुपारचं हॉटेल. हाउसकीपिंगची मुलं खोली साफ झाली की फोनवरच्या ॲपमध्ये नोंद करतात आणि ते ॲप हॉटेलच्या वायफायवर चालतं. त्यामुळे माझ्या पडद्यावर मजलेच्या मजले अजून ‘डर्टी’. काउंटरवर छापून ठेवलेली यादी तर सकाळची, लोकांनी खोल्या सोडण्याआधीची. पण अंतर्गत टेलिफोन चालू होते. मजल्यावरचे सुपरवायझर काउंटरला खोल्यांचे नंबर सांगायचे, काउंटर मला सांगायचं आणि मी एकेक खोली ‘क्लीन’ करत जायचे, घरात बसून.

दरवाजांच्या कुलपांचा प्रश्न नव्हता. ती बॅटरीवर चालतात, कार्डावरची नोंद वाचतात, इंटरनेटशी त्यांना देणंघेणं नाही. कार्ड तयार करणारं यंत्रही हॉटेलातल्या हॉटेलात चालणारं. एरवी त्याला पीएमएसकडून खोलीचा नंबर आपोआप जातो, आता तो हाताने टाकायचा होता. म्हणजे एकाच खोलीच्या चाव्या दोन अनोळखी माणसांच्या हातात पडायला कसलीही आडकाठी नाही. यापेक्षा वाईट चूक हॉटेलात क्वचितच होत असेल. म्हणून नियम ठरवला: मी नंबर सांगणार, समोरचा तो परत म्हणून दाखवणार, मी चेक-इन टाकणार आणि माझं ‘हो’ आल्यावरच कार्ड बनणार. परिषदेच्या यादीत दोघांचं आडनाव एक, नावाचं आद्याक्षरही एक. तिथे मी त्यांची जाण्याची तारीख विचारायला लावली. तारखा वेगळ्या निघाल्या.

एकदा खटकाही उडाला. काउंटरवरचा मुलगा पाहुण्याच्या क्रेडिट कार्डाचा नंबर मला वाचून दाखवायला लागला. मी त्याला मध्येच तोडलं. कार्डाचे आकडे माझ्या घरातल्या वहीत उतरणं मला मंजूर नव्हतं. कार्डामागच्या तीन अंकांची तर नोंद, व्यवहार मंजूर झाल्यावर, कुणीच कुठेही ठेवायची नसते. सिमकार्डवर चालणारं एक पेमेंट मशीन त्यांच्याकडे होतं, रांग लागली तरी सगळ्यांचं त्यावरच घ्या म्हटलं. समोर पंचवीस माणसं उभी आहेत आणि ही नियम शिकवतेय, असा त्याचा सूर होता. त्याच्या जागी मीही वैतागले असते.

व्हीलचेअरवरून येणाऱ्या एका पाहुण्यांची नोंद होती: लिफ्टजवळची खोली. तशी मी दिली. तेवढ्यात मागून बेलबॉयचा आवाज आला, “मॅडम, तिथला गालिचा दुपारी धुतलाय, अजून ओला आहे. चाकं रुततील.” खोली स्वच्छ, तपासलेली, प्रणालीत सगळं हिरवंगार. ओल्या गालिच्यासाठी प्रणालीत रकानाच नाही. दुसरी खोली त्यानेच सुचवली, मी फक्त नंबर बदलला. त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं चेक-इन त्याचं, असं मी आजही मानते.

लाइन मध्यरात्रीनंतर आली, पण दिवस काही संपेना. येणाऱ्या प्रत्येकाचं एकतर चेक-इन व्हावं लागतं, नाहीतर त्याला ‘नो-शो’, म्हणजे न आलेला, ठरवावं लागतं, त्याशिवाय नाइट ऑडिट, म्हणजे रोज रात्री दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, तारीख पुढे सरकवू देत नाही. शिवाय रेस्टॉरंटची बिलं हाताने लिहिलेली. नाइट ऑडिटर चिठ्ठ्या वाचत होता, मी घरून त्या त्या खोलीच्या नावावर चढवत होते. एका चिठ्ठीवरचा ७ होता की १, यावर आम्ही बराच वाद घातला. शेवटी सही जुळवून पाहिली.

पुढच्या बैठकीत ड्यूटी मॅनेजरसाठी बाहेरून लॉगिन होणारा एक लॅपटॉप लगेच मंजूर झाला. त्याची दुसरी मागणी मात्र वरच्यांना झेपेना. ग्रुपच्या याद्या तपासणं, पाहुण्यांच्या ईमेलना उत्तरं, ड्यूटीचं वेळापत्रक ही कामं काउंटरवरची माणसंही गर्दीत, उभ्या उभ्या करतात. मग त्यांनाही महिन्यातून काही दिवस घरून काम का नको? मला हे पटतं. घरून होण्यासारखं काय, हे आम्ही विभागानुसार ठरवलं, कामानुसार कधी पाहिलंच नाही.

‘मग काउंटरवर कोण?’ या प्रश्नापाशी ते अजून अडलंय. माझा एक घरचा दिवस सोडून मी तिथे उभी राहीन, असं लेखी कळवलंय. चेक-इन मला जमतं, ते फ्रंट ऑफिसने कानांनी ऐकलेलं आहे.