दातांची आतली बाजू

तुळशीचे लग्न लागले की नाशिकमधल्या माझ्या दवाखान्यात लग्न ठरलेल्या मुलींची ये-जा वाढते. फोटोत दात पांढरेशुभ्र दिसावेत एवढीच बहुतेकींची मागणी असते आणि दात निरोगी असतील तर ब्लीचिंग हे तासाभराचे काम असते. मागच्या लग्नसराईत आईबरोबर आलेली पंचविशीतली एक मुलगी याच कामासाठी खुर्चीत बसली होती. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मध्यम बांधा, हसरा चेहरा, पुण्यात चांगली नोकरी; तिच्याकडे पाहून कोणालाही काही वावगे वाटले नसते.

समोरून दात ठीक दिसत होते, कडा तेवढ्या काचेसारख्या पातळ झाल्या होत्या. छोटा आरसा आत घालून वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू पाहिली, तेव्हा तिथले एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, जवळजवळ संपलेले होते, आतला पिवळसर थर उघडा पडून गुळगुळीत झाला होता आणि दाढेत पूर्वी भरलेली चांदी झिजलेल्या दातातून वर आल्यासारखी दिसत होती. खालचे पुढचे दात मात्र शाबूत होते. लिंबूपाणी किंवा शीतपेये सहसा ओठांकडची बाजू आधी खातात. पोटातले आम्ल वारंवार वर येत असेल तर झीज टाळूकडून सुरू होते आणि खालच्या पुढच्या दातांना जिभेचे संरक्षण मिळते. पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते आणि जठरातले आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असते. जुनाट आम्लपित्तातही असे होऊ शकते, म्हणून छातीत जळजळ होते का, आंबट पाणी वर येते का, हे मी आधी विचारले. उत्तर आईनेच दिले. "छे हो डॉक्टर, कसलाच त्रास नाही तिला. उलट लग्न ठरल्यापासून खाण्यावर इतका ताबा आहे! तिच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या ना, जरा बारीक झालीस तर शालू खुलून दिसेल, तेव्हापासून रात्रीची पोळी बंद."

आईच्या बोलण्यात निव्वळ कौतुक होते. मुलीने मात्र उजवा हात ओढणीखाली घेतला. एक्स-रे काढताना सोबतच्यांना बाहेर थांबावेच लागते, मी आईंना बाहेर बसायला सांगितले आणि दार लावून घेतल्यावर, आवाजात कोणताही ठपका येऊ न देता, विचारले, "जेवल्यावर उलटी काढतेस का गं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, आईला सांगू नका." त्यानंतर ती सलग बोलत राहिली. दिवसभर काकडी आणि ताकावर राहायचे, रात्री खोलीवर आल्यावर चिवडा, पाव, बिस्किटे, जे हाताला लागेल ते थांबता न येता खायचे आणि मग नळ मोठा सोडून घशात बोटे घालायची. हे कॉलेजपासून चालू होते. सासूबाईंच्या त्या वाक्यानंतर रोजचे झाले होते. वजन फारसे उतरलेच नव्हते, कारण उलटीने खाल्लेले सगळे बाहेर पडत नाही. ओढणीखालच्या हातावर, बोटांच्या मुळाशी, घट्टे होते. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी 1979 मध्ये या आजाराचे, म्हणजे अनावर खाऊन मग उलटी काढण्याच्या बुलिमियाचे, वर्णन केले आणि अशा घट्ट्यांना आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

रुग्ण सज्ञान होती, त्यामुळे तिने सांगितलेले तिच्या परवानगीशिवाय आईला सांगण्याचा मला अधिकार नव्हता. पण पोटऱ्यांत गोळे येतात, मधूनच छाती धडधडते, असेही ती म्हणाली होती आणि ते मला दातांपेक्षा गंभीर वाटले. वारंवारच्या उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घटते आणि हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी ईसीजी आणि रक्ततपासणीसाठी मी तिला ओळखीच्या फिजिशियनकडे पाठवले. पोटॅशियम कमीच निघाले. आईंना, तिच्या संमतीने, एवढेच सांगितले की दातांचे आवरण झिजले आहे आणि अशा दातांवर ब्लीचिंग मी करणार नाही. उलटी झालीच तर लगेच ब्रश करायचा नाही, चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरायची, हे तिला एकटीला समजावले. आम्लाने मऊ झालेले एनॅमल ब्रशने आणखी खरवडले जाते.

पुढे मनोविकारतज्ज्ञांसमोर तिनेच आईला सांगितले. आई मला भेटायला आल्या त्या रागावूनच. "घरात सगळं असताना अन्न असं टाकून द्यायचं?" असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. हा माज नाही, आजार आहे आणि यावर समुपदेशन व औषधे दोन्ही उपलब्ध आहेत, हे त्यांच्या गळी उतरवायला मला वेळ लागला. स्थळाच्या बायोडेटात वर्णाशेजारी 'सडपातळ' असे लिहिणारे, साखरपुड्यात सगळ्यांदेखत मुलीच्या दंडाकडे बघून बोलणारे आपण सगळेच या आजाराला खतपाणी घालतो, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी त्यांना ऐकवले. त्या गप्प झाल्या. मग त्यांनी विचारले, "आता जेवायला बसल्यावर मी काय बोलू?" ताटाबद्दल आणि वजनाबद्दल काहीही बोलू नका, तिच्यासोबत जेवा आणि जेवण झाल्यावर थोडा वेळ तिच्याजवळच बसा, असे मी सांगितले. सासूबाईंशी बोलायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली.

उपचार अजून चालू आहेत. मधल्या काळात उलट्या दोनदा परतल्या, पण दोन्ही वेळा तिने स्वतः फोन करून कळवले. झिजलेल्या दातांना कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा, थर द्यायचा आहे. उलट्या थांबल्याशिवाय तो टिकणार नाही, म्हणून डॉक्टरांचा होकार येईपर्यंत ते काम मी पुढे ठेवले आहे.