पाताळेश्वराचा नंदीमंडप, ७५ मिनिटांत: जलरंग प्रात्यक्षिकाची तयारी, सराव १ ते ३

कलामेळाव्यात लोकांसमोर रंगवायला विषय घेतलाय पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्याचा गोल नंदीमंडप. आठव्या शतकातलं बेसाल्टमधलं कोरीवकाम: जाड चौकोनी खांब, वर सपाट गोल छत. नक्षी फारशी नाही, त्यामुळे सगळी मदार सावलीवर.

कागद कॉटनचा, ३०० जीएसएम (जाडसर), कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत), १५ × २२ इंच. प्लायवर चारी बाजूंनी इंचभर मास्किंग टेप. रंग पाचच: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, बर्न्ट सिएना, लाइट रेड, यलो ऑकर. ब्रश एक इंची फ्लॅट, १२ आणि ८ नंबरचे राउंड, फांद्यांसाठी रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश).

सराव १. मागच्यांनाही दिसावं म्हणून बोर्ड जवळजवळ उभा ठेवला. वॉश (पातळ रंगाचा पसरलेला थर) खाली वाहून टेपच्या कडेला साचला, वरचा भाग सुकू लागल्यावर ते पाणी परत वर चढलं आणि तळाला फुलकोबी, म्हणजे वेड्यावाकड्या कडांचा डाग, उमटली. आता बोर्ड २५ अंशांवर, आणि साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने लगेच टिपायचं. बसणाऱ्यांना उजव्या-डाव्या बाजूला बसवलं की एवढा उतार दिसायला पुरतो.

सराव २. छताखालच्या सावलीचा चिखल झाला. मिश्रण बरोबर होतं. पहिला हात अर्धवट ओला असताना त्यावर दुसरा फिरला. चमक उतरली म्हणजे कागद सुकला असं नाही. बोटांची मागची बाजू लावा, गार लागलं तर आत ओल आहे. लोकांसमोर आठ-दहा मिनिटं नुसतं थांबणं अवघड जातं, म्हणून हात उगाच ओल्या भागाकडे वळतो. त्या वेळेला काम नेमून दिलं की हा मोह टळतो: सावलीचा रंग तेव्हाच कालवायचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जवळपास समप्रमाणात, किंचित लाइट रेड, सायीइतका दाट, आणि सगळ्या खांबांना पुरेल इतका. मधेच संपला तर दुसऱ्यांदा तोच रंग जमत नाही. वाळल्यावर फिका पडतो, म्हणून डोळ्याला पटेल त्याहून एक पायरी गडद. मग एकदाच लावायचा आणि सोडून द्यायचा.

हेअर ड्रायर चमक उतरल्यावरच, फूटभर लांबून. आधी वापरला तर हवेने रंग ढकलला जातो.

सराव ३. ८२ मिनिटं. वरची सात मिनिटं रेखाटनात गेली, कारण छत आणि जोतं या दोन्ही लंबवर्तुळांना एकाच बाजूची वळणं पडली होती. उभ्याने पाहताना छत डोळ्यांच्या वर असतं, तेव्हा त्याची जवळची कड वर फुगते, जोत्याची खाली. आधी डोळ्यांच्या पातळीची रेघ मारली की घोळ होत नाही. आता २बी पेन्सिलचं रेखाटन घरून करून न्यायचं, लोकांसमोर फक्त छायेच्या सीमा. (शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.)

राहिलेलं: मांडवाचं कापड. लाल-पिवळ्या कापडाखाली पांढरा कागदच पिवळट दिसतो आणि राखाडी निळ्याकडे झुकवला जातो. आयोजकांकडे डोक्यावर पांढरं कापड मागितलंय. उघड्या उन्हात उलट गंमत: कागद इतका लखलखतो की चित्र गडद रंगवलं जातं, घरात आणल्यावर काळवंडलेलं दिसतं. चौथा सराव दुपारी, सावलीत. कोरड्या हवेत वॉश किती मिनिटांत सुकतो ते घड्याळ लावून बघायचंय.