पाच बोटं उघडी ठेवून

‘वैकुंठ पेरुमाळ’ एवढंच मी रिक्षावाल्याला सांगितलं आणि दहा मिनिटांत त्याने आम्हाला वैकुंठ पेरुमाळच्या दारात आणून सोडलं. देवळाचं नाव बरोबर होतं, गाव चुकलं होतं. हे कांचीपुरममधलं. मला हवं होतं ते तीसेक किलोमीटर लांब, उत्तिरमेरूरचं. ताई वैतागली. “अगं, सगळं नाव नीट सांगायला नको का?” तिचं बरोबर होतं.

चेन्नई, महाबलीपुरम, कांचीपुरमचं कैलासनाथ मंदिर आणि रेशमी साड्यांची तीन दुकानं यात चार दिवस गेले होते. त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी या सहलीला आले होते ती उत्तिरमेरूरच्या देवळाची एक भिंत बघायला, गावचा कारभार कुणी बघायचा याचे हजार वर्षांपूर्वीचे नियम कोरलेली.

पण आलोच आहोत तर आत जाऊ म्हणून गेलो, आणि बरं झालं. या देवळाच्या ओवरीत पल्लव राजांचा इतिहास भिंतभर कोरलाय. पल्लव राजा वारला, वारस नाही, म्हणून जाणती मंडळी दुसऱ्या शाखेच्या हिरण्यवर्म्याकडे गेली. तो नाही म्हणाला, त्याची थोरली मुलंही नाही म्हणाली, आणि बारा वर्षांचा धाकटा ‘मी येतो’ म्हणाला. तोच नंदिवर्मन दुसरा, आठव्या शतकातला. दगड झिजलाय, चेहरे पुसट झालेत, पण मोठ्या माणसांच्या घोळक्यातली ती लहान आकृती मी बराच वेळ शोधत बसले. त्याच नंदिवर्म्याच्या काळात उत्तिरमेरूर हे ‘चतुर्वेदिमंगलम’ म्हणून, म्हणजे वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांना दिलेलं गाव म्हणून, वसलं. चुकलेल्या रिक्षेने मला गोष्टीच्या सुरुवातीला नेऊन सोडलं होतं.

दुपारच्या बसने उत्तिरमेरूर गाठलं. बसमध्ये बसायला जागा नव्हती. एका बाईंनी आपलं पोर मांडीवर घेऊन ताईला जागा करून दिली, काही न बोलता. चार दिवसांत हॉटेलांमध्ये जे आदरातिथ्य पैसे मोजून मिळालं, त्याहून मला हे मोठं वाटलं.

गाव आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखं: बाजार, मोबाइलची दुकानं, टायर पंक्चर. त्याच्या मधोमध हे देऊळ. गर्दी नाही, रांग नाही, फुलवाला नाही. उंच जोत्यावर सपाट छताचा दगडी मंडप, आणि भिंतींवर अक्षरंच अक्षरं. तमिळ मला येत नाही. त्यातही ही हजार वर्षांपूर्वीची, मध्येच ‘ग्रंथ’ नावाची संस्कृतसाठीची जुनी लिपी. पण ओळी किती सरळ! कोरणाऱ्याने कुठे घाई केलेली नाही.

चोळ राजा परांतक पहिला याच्या बाराव्या आणि चौदाव्या राज्यवर्षातले हे लेख, म्हणजे इसवी सन ९१९ आणि ९२१. गावाच्या सभेने कारभारासाठी समित्या कशा निवडायच्या, त्याचे नियम. ‘वारियम’ हा समितीसाठीचा शब्द. वर्षाचा एकूण कारभार बघणारी समिती १२ जणांची, बागांची १२ जणांची, तळ्याची ६ जणांची; सोन्याची पारख करणारी वेगळी, तीही ६ जणांची. मुदत ३६० दिवस. नंतर घरी. पुढची तीन वर्षं नाव पुन्हा घालायचं नाही.

गावाचे ३० वॉर्ड, आणि निवड नावांच्या चिठ्ठ्या काढून. चिठ्ठीत नाव यायचं तर पाव वेलीहून जास्त सारा भरणारी जमीन हवी (वेली म्हणजे साडेसहा एकरांच्या आसपास), स्वतःच्या जागेवर बांधलेल्या घरात राहायला हवं, वय ३५ ते ७०, वेदाचं ज्ञान हवं. शिकलेला असेल तर जमिनीची अट निम्मी. ९१९ च्या लेखात वयाची अट ३० ते ६० होती. दोनच वर्षांत ती बदलून पुन्हा सगळं दगडावर कोरलं. नियम दुरुस्त केले आणि ती दुरुस्ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. या गोष्टीचं मला लेखाच्या वयापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

देवळाची देखभाल करणारे एक गृहस्थ सावलीत बसले होते. साठीचे असतील. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी तमिळ. मी वहीतली टिपणं काढून भिंतीशी जुळवायला लागले तसे ते उठून आले. “अम्मा, कुडवोलै?” मी मान हलवली. कुडम म्हणजे घडा, ओलै म्हणजे ताडपत्राची चिठ्ठी. त्यांनी मला आणि ताईला मंडपात नेऊन उभं केलं आणि सगळं करून दाखवलं.

सभा भरलेली, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे आलेले. गावातले झाडून सगळे पुजारी मंडपात बसलेले. त्यातला सगळ्यात वयस्कर पुजारी घडा उचलतो आणि चहूकडे फिरवून लोकांना दाखवतो. हे सांगताना त्या गृहस्थांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, आणि ते सावकाश, पूर्ण गोल फिरले. मग एका मुलाला बोलावतात, आत काय आहे हे ज्याला कळत नाही अशा लहान मुलाला. तो एका वॉर्डाच्या चिठ्ठ्यांचा जुडगा काढतो. त्या चिठ्ठ्या दुसऱ्या घड्यात टाकून हलवतात. त्यातली एक चिठ्ठी तोच मुलगा काढतो आणि मध्यस्थाच्या हातावर ठेवतो.

इथे ते थांबले. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला, तळवा वर, बोटं फाकलेली. “अंजु विरल,” ते म्हणाले. पाच बोटं. दुसऱ्या हाताने एकेक बोट धरून त्यांनी ताणून दाखवलं. अंगठाही. तळव्यावर जुन्या कामाचे घट्टे होते, करंगळी थोडी वाकडी होती आणि ती सरळ होईना, तर त्यांनी ती दाबून सरळ केली.

भिंतीवर हेच लिहिलंय. मध्यस्थाने चिठ्ठी घेताना पाचही बोटं उघडी ठेवून तळहातावर घ्यावी. मग नाव मोठ्याने वाचावं. मग मंडपातल्या सगळ्या पुजाऱ्यांनी ते वाचावं. मगच ते नाव लिहून घ्यायचं.

मी तिथेच पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं. ताईला वाटलं ऊन लागलं, तिने बाटली पुढे केली.

कारण सांगते. आमच्या सोसायटीत मी तीन वर्षं खजिनदार होते. आधीच्या कमिटीने पाण्याची टाकी दुरुस्त करायला घराघरांतून पैसे गोळा केले होते. टाकी अजून गळते. मी हिशेब मागितला. पहिल्या वर्षी ‘देतो’, दुसऱ्या वर्षी ‘वही सापडत नाही’, तिसऱ्या वर्षी ‘घरातलीच माणसं आपण, हिशेब कसले मागता?’ मग निवडणूक लागली आणि ज्यांच्याकडे हिशेब अडकला होता त्यांचे मेहुणे बिनविरोध आले. मी सभेत उभी राहून बोलले तेव्हा बाकीचे खाली बघत होते. रागापेक्षा त्या खाली घातलेल्या माना मला अजून बोचतात.

आणि इथे भिंतीवर काय लिहिलंय? समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही त्याचं नाव चिठ्ठीत येणार नाही. त्याच्या नातेवाइकांचंही नाही. पुढे नातेवाइकांची यादी आहे, आणि ती आपल्या भाषेत जशीच्या तशी बसते: मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मामा, भाचा, सासरा, मेहुणा, बहिणीचा नवरा, जावई, बाप, मुलगा. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सभेत उभं राहून ‘आणि बहिणीचा नवरा?’ असं विचारलं असणार, त्याशिवाय तो यादीत येत नाही. अगोदर हे सगळं घडून गेलेलं असणार. खोटे दस्त केलेले आणि गाढवावरून धिंड निघालेलेही कायमचे बाद. हे सगळं कशासाठी, तेही लिहिलंय: दुष्टांचा नाश व्हावा आणि उरलेल्यांची भरभराट व्हावी.

हिशेबाची एवढी काळजी का, तेही गाव बघितल्यावर कळतं. हा सगळा मुलूख तळ्यांवर जगलेला. तळ्याला इथे ‘एरी’ म्हणतात. पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं आणि ते भातशेतीला सोडायचं. गाळ काढला नाही की दोन-चार वर्षांत तळं उथळ होतं आणि भात जातं. उत्तिरमेरूरचं मोठं तळं पल्लवांच्या काळापासूनचं. लोकांनी दान दिलेल्या पैशांवर गाळ काढायची व्यवस्था केल्याचे लेखही या गावात आहेत. असा पैसा कुणी खाल्ला तर उपाशी राहणारं सगळं गाव. ‘घरातलीच माणसं’ म्हणून चालणारच नव्हतं.

मला त्या मंडपात राहून राहून व्हेनिस आठवत होतं. गेल्या वर्षी लेकाकडे मिलानला गेले तेव्हा एक दिवस तिकडे काढला. गर्दीने जीव नकोसा झाला, पुलांवर माणसं मुंगीच्या पावलाने सरकत होती. पण डोजच्या राजवाड्यातल्या त्या अवाढव्य सभागृहात मी खिळून राहिले. डोज म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख. १२६८ पासून त्याची निवड अशी: महासभेतून चिठ्ठ्या टाकून ३० जण काढायचे, त्यांचे चिठ्ठीनेच ९ करायचे, त्या ९ जणांनी ४० निवडायचे, त्यातून चिठ्ठीने १२, त्यांनी २५ निवडायचे, पुन्हा चिठ्ठीने ९, त्यांनी ४५, चिठ्ठीने ११, आणि त्या ११ जणांनी निवडलेले ४१ जण शेवटी डोज ठरवणार. कुणाला विकत घ्यायचं हेच कुणाला कळू नये. आणि या सोडतीसाठी एक सभासद सेंट मार्कच्या चर्चबाहेर जायचा आणि जो पहिला लहान मुलगा भेटेल त्याला धरून आणायचा. ‘बालोत्तिनो’ म्हणत त्याला.

उत्तिरमेरूरनंतर साडेतीनशे वर्षांनी, समुद्रापलीकडे, पुन्हा एक लहान मुलगा. एकमेकांची नावंही न ऐकलेल्या दोन गावांना मोठ्या माणसांच्या हातावर भरवसा ठेवता आला नाही.

तिथेही हिशेब होताच. १५०१ पासून डोज मेला की तीन अधिकारी त्याच्या कारभाराची तपासणी करायचे, आणि चूक सापडली तर दंड वारसांनी भरायचा. सभागृहाच्या भिंतीवर वरच्या बाजूला ओळीने डोजांची चित्रं आहेत. एका जागी चित्राऐवजी नुसतं काळं कापड रंगवलंय. मारिनो फालिएर, राज्य उलथवायचा कट केला म्हणून १३५५ मध्ये डोकं उडवलेला. नाव पुसलं नाही, जागाही दुसऱ्याला दिली नाही.

आता जी गोष्ट मला दोन्हीकडे सलली ती. व्हेनिसने १२९७ मध्ये महासभेचं दार ठरावीक घराण्यांपुरतं बंद करून टाकलं. मासेमारी करणारा, जहाज बांधणारा कायमचा बाहेर. उत्तिरमेरूर ब्राह्मणांचं गाव. ज्यांनी तळ्याचा गाळ उपसला, भात लावलं, हा दगड फोडून आणला, त्यांची नावं त्या घड्यात पडलीच नाहीत. संसदेच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन २०२० मध्ये झालं तेव्हा भाषणात या गावाचं नाव आलं, आणि तेव्हापासून ‘आपली हजार वर्षांची लोकशाही’ असं खूपदा ऐकते. मला तो अभिमान समजतो. पण भिंत पूर्ण वाचावी असं वाटतं. आपल्या राज्यघटनेने दिलेला मतांचा हक्क त्या घड्यातून आलेला नाही. तो त्या घड्याबाहेर ठेवलेल्यांनी भांडून घेतलाय. घड्यातून घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे, ती उघडी पाच बोटं.

परतीच्या बसमध्ये ताईने विचारलं, “तेव्हा असतीस तर तुझी चिठ्ठी निघाली असती?”

“बाईच्या नावाची चिठ्ठी लिहितच नव्हते.”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “आता लिहितात ना. मग परत उभी राहा.”

तिला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पुण्याला आल्यावर नातेवाइकांची ती यादी, मावसभावापासून जावयापर्यंत, मराठीत स्वच्छ लिहून काढली. खाली ‘उत्तिरमेरूर, इ. स. ९२१’ एवढंच घातलं. ती नोटीस बोर्डावर लावायची परवानगी मागणारं पत्र, टाकीच्या हिशेबाच्या चौथ्या पत्रासोबत, कमिटीकडे दिलंय. पोच घेतली आहे. सप्टेंबरच्या सभेसाठी अर्जही भरलाय.