शिरोरेषा एका ओळीत आणताना

आमच्या इमारतीच्या नामफलकाची फाइल गेल्या आठवड्यात मी इंकस्केप या चित्रे आणि आराखडे काढण्याच्या संगणक प्रोग्राममध्ये तयार केली. कदम, शिर्के, कुलकर्णी आणि मोरे ही आडनावे एका आडव्या ओळीत हवी होती, म्हणून चारही शब्द निवडून शिफ्ट, कंट्रोल आणि ए या कळांनी ‘अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट’चे पॅनेल उघडले आणि वरच्या कडा जुळवल्या. कडा तंतोतंत जुळल्या, शिरोरेषा मात्र विस्कटल्या. ‘शिर्के’मधील वेलांटी, रफार आणि मात्रा यांनी वरची जागा व्यापल्यामुळे त्या शब्दाची शिरोरेषा ‘कदम’च्या शिरोरेषेहून बरीच खाली उतरली. खालच्या कडा जुळवून पाहिल्या, तर उकारामुळे ‘कुलकर्णी’ वर चढले.

याचे कारण असे, की हे बटण अक्षरे जुळवत नाही. ते प्रत्येक वस्तूभोवतीची अदृश्य चौकट, म्हणजे बाउंडिंग बॉक्स जुळवते. देवनागरी वाचणाऱ्याला मात्र शिरोरेषाच आधी दिसते, आणि ती अर्धा मिलिमीटर हलली तरी खटकते. यावर त्याच पॅनेलमध्ये मजकुराच्या आधाररेषा (बेसलाइन, म्हणजे फाँटमधील अक्षरे ज्या अदृश्य रेषेवर बसवलेली असतात ती) जुळवण्याचे बटण आहे. फाँट आणि आकार एकच असेल, तर आधाररेषा जुळताच शिरोरेषाही आपोआप एका ओळीत येतात.

नावांभोवती रेघेने काढलेल्या चौकटींसाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. रेघेची निम्मी जाडी आकाराच्या बाहेर पडते, त्यामुळे १ मिमी रेघ असलेला १० मिमीचा चौरस मुळात ११ मिमी धरला जातो. फलक यंत्रावर कापून घ्यायचा असेल, तर प्राधान्यांतील ‘टूल्स’ विभागात जाऊन ‘व्हिज्युअल’ (रेघेच्या जाडीसह) ऐवजी ‘जिऑमेट्रिक’ (जाडी न धरता) बाउंडिंग बॉक्स निवडणे मला आवश्यक वाटते.

खरा प्रश्न फलकावरच्या ‘सचिव’ या लहान आकारातील शब्दाचा होता, कारण आकार बदलला की आधाररेषा जुळूनही शिरोरेषा जुळत नाही. शिरोरेषेच्या उंचीवर मोजपट्टीतून एक मार्गरेषा ओढून घेतली, त्या शब्दाचे पाथमध्ये, म्हणजे मजकुराऐवजी नुसत्या बाह्यरेषांच्या आकारात, रूपांतर केले आणि त्याच्या शिरोरेषेच्या टोकाचा बिंदू स्नॅपिंग (जवळ नेताच बिंदू आपोआप रेषेला चिकटण्याची सोय) चालू ठेवून मार्गरेषेला टेकवला. छपाईवाले फाइल ‘कर्व्ह करून द्या’, म्हणजे मजकुराचे असेच पाथ करून द्या, असे सांगतातच. पण रूपांतरानंतर शब्द मजकूर राहत नाही आणि आधाररेषेचे बटण त्याच्यावर चालत नाही, म्हणून बाकीची आडनावे जुळवून झाल्यावर, अगदी शेवटी, मी ती कर्व्ह केली.